एप्रिलचं पान

केळशीच्या पुळणीवर, भारजा समुद्राला मिळते
त्याच्या दोनशे पावलं अलीकडे
कोरड्या वाळूत एक खळगा होता,
आमटीच्या वाटीएवढा.
खळग्यात शिंपल्यांचा चुरा
आणि चुऱ्यावर तीन अंडी, वाळूच्याच रंगाची,
वर काळे शिंतोडे,
कुणी शाईचं पेन झटकून निघून गेल्यासारखे.

सुगंधा पालशेतकर ओहोटीला तिसऱ्या काढायला जाते.
तिनं दाखवली.
दाखवली म्हणजे बोट नाही केलं, मानही नाही वळवली,
टोपली कमरेवर तशीच ठेवून
चालता चालता म्हणाली,
"डाव्या अंगाला, निळ्या दोरीपाशी.
बघ, पण थांबू नको.
माणूस थांबला की कावळ्याला कळतं."

जाळ्याची ती फाटकी दोरी तिनंच पुरलेली,
गाडीवाल्यांनी चाक वळवावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी थांबलो.
एकटा गेलो, मोठी लेन्स घेऊन,
पालथा पडलो, कोपरं वाळूत रुतवली.
चिखल्याची मादी अंड्यांवरून उठली.
मुठीत मावेल एवढा जीव
पंख मोडल्याचं सोंग घेऊन माझ्यासमोर फरपटत गेला:
इकडे ये, मला धर, मी सोपी आहे,
इकडे.
मी तेही टिपलं.
काय नशीब, असंही वाटलं.

दोरी चौकटीत येत होती.
उपटली, मागे टाकली.

कॅमेरा वेळ लिहून ठेवतो.
पहिला फोटो अकरा बावीस.
शेवटचा बारा बत्तीस.
मधल्या वेळात ती तीनदा पाण्यापर्यंत धावली,
पोट भिजवून परत आली,
मला पाहून दहा हातांवर थबकली,
आणि उभ्या उभ्या वाळली.
त्या फोटोला मी नाव दिलं होतं "आंघोळ".
भिजल्या पोटानं अंडी निववायची असतात
हे पुढे पावसाळ्यात कधीतरी वाचलं,
घरात, पंख्याखाली.

तिसऱ्या दिवशी खळगा होता.
चुरा होता.
एका शिंपल्याला काहीतरी पिवळं वाळून चिकटलेलं.
सुरूच्या बनापासून खळग्यापर्यंत
माझ्या बुटांची रांग, सरळ,
पट्टीनं आखल्यासारखी,
आणि तिच्या शेजारून कुत्र्याची पावलं.
त्याला कुठेच हुंगत फिरावं लागलं नव्हतं.
परतताना मी वाळू पायानं सारवत आलो.
कशासाठी, कुणास ठाऊक.

फोटो मात्र चांगला आला.
दापोलीच्या पतपेढीनं कॅलेंडरला घेतला:
एप्रिल, खाली संकष्टी, अमावस्या, सुट्ट्या लाल रंगात.
पाच हजार रुपये दिले, आणि वीस प्रती.

मी सुगंधाकडे प्रत नेली नव्हती.
तिच्या मुलाचं खातं आहे त्या पतपेढीत.
गेलो तर चुलीमागच्या भिंतीवर, खिळ्याला,
धुरानं कडा पिवळ्या पडत चाललेली
माझी मादी बसली होती, तीन अंड्यांवर अर्धवट,
एक डोळा माझ्याकडे.

"आपल्याच पुळणीवरची ना ही?"
चहा गाळता गाळता तिनं विचारलं.
मी म्हणालो, "नाही. गुजरातकडची."

तिनं कप ठेवला.
हात पदराला पुसले,
पानाजवळ गेली, आणि जिथे मीही कधी नीट पाहिलं नव्हतं
त्या खालच्या कोपऱ्यावर नख टेकवलं.
वाळूतून वर आलेला
एक निळा धागा.
तांदळाच्या दाण्याएवढा.

काही बोलली नाही.
कानामागची पेन्सिल काढून
बारा तारखेच्या चौकोनात लिहिलं: गॅस लागला.
मग म्हणाली, "चहा घे, निवतोय."

बाहेर ओहोटी लागली होती.
ती टोपली घेऊन निघाली.
मी मागून निघालो, तिच्या पावलांत पाय टाकत,
आणि निळ्या दोरीच्या जागेपाशी आलो तेव्हा,
जागा आता ओळखूही येत नव्हती,
ती चालतच राहिली.